आवडाबाई आणि कागदावर मेलेली अकरा कासवं

ठाण्यातल्या कोलशेतच्या आवडाबाई मढवींना घरी बसायची सवय नव्हती, आणि साठीच्या तोंडावर ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती. लहानपणी बापाबरोबर त्यांनी मिठागरात मीठ ओढलं, लग्न झाल्यावर सासरच्या भातशेतीत चिखल तुडवला. मग शेताच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि मढवींना त्यातच सातव्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन फ्लॅट मिळाले. नवरा काळुराम जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा हर्षितच्या पाण्याच्या टँकरच्या गाड्या होत्या. सून दिशा नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. घरात धुणं मशीन धुवायचं आणि भांडी बाई घासायची. आवडाबाई गॅलरीतून खाली बघत बसायच्या, आणि खाली बघण्यासारखं काही नसायचं.

अशात तळमजल्यावरच्या वॉचमनच्या बायकोचं, शालूचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. शालू खाडीजवळच्या एका सरकारी केंद्रात झाडलोट करायची. चोरट्यांकडून पकडलेले प्राणी-पक्षी तिथे ठेवत. सुट्टी घेतली तर काम जाईल म्हणून ती रडकुंडीला आली होती.

"रडते कशाला?" आवडाबाई म्हणाल्या. "चार दिस मी जाते तुज्या जागेवर."

हर्षितने कपाळाला हात लावला. "आई, आपल्याला काय कमी हाय? लोक काय बोलतील?"

"लोकांना सांग, आई जिमला जाते."

पाटल्या, गंठण, कानातले सगळं कपाटात ठेवून, साधी साडी नेसून त्या गेल्या. चार दिवसांची चार वर्षं झाली. शालूला मधल्या काळात शाळेच्या स्वयंपाकघरात बरं काम मिळालं आणि ती तिकडेच रमली. आवडाबाई केंद्रातच राहिल्या. रोजंदारीवरची गरीब बाई असंच तिथे सगळे त्यांना समजत. त्यांनीही कधी कुणाचा समज बदलायचा प्रयत्न केला नाही.

त्यांचा जीव जडला तो कासवांवर. तारा कासवं म्हणतात ती. काळ्या पाठीवर उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यातून पिवळे किरण फुटलेले, जणू कुणी बसून हाताने चांदण्या काढल्यात. घरात ठेवली की भरभराट होते अशी समजूत असल्याने त्यांचा चोरटा व्यापार जोरात चालतो. पाळणं सोडाच, विकत घेणंसुद्धा गुन्हा आहे. केंद्रातली त्रेचाळीस कासवं एका बसमधल्या बॅगेत सापडली होती. प्रत्येक कासव एकेका मोज्यात कोंबून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या पट्ट्या आवडाबाईंनी कोमट पाण्याने भिजवून, एकेक करून सोडवल्या. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जास्वंदीची पानं टाकली, आणि एक मोठी मादी बाकीच्यांना ढकलत, दोघांच्या पाठीवर चढून पहिली ताटाशी आली.

"ही तर माजी सासू!" आवडाबाई ओरडल्या. त्यांची सासू गंगुबाई जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण पंगतीत पहिल्या पानावर बसायचा तिचा हट्ट अख्ख्या कोलशेतला ठाऊक होता. कासवाचं नाव गंगुबाई पडलं. मग बाकीच्यांनाही नावं मिळाली. कुणी मामलेदार, कुणी लाजरी, कुणी नवरदेव. एक कासव सतत भिंतीला डोकं लावून उभं असायचं, त्याचं नाव हर्षित.

इतरांना सगळी कासवं सारखी दिसत. आवडाबाईंना तसं कधी वाटलंच नाही. त्यांचा हात रांगोळीचा. गावात कुणाच्या दारी लग्नकार्य असलं की रांगोळी आवडाबाईंचीच. त्यांनी कासवांच्या पाठी रांगोळीसारख्याच वाचल्या. मामलेदाराच्या मधल्या चांदणीला नऊ किरण, नवरदेवाच्या चांदणीला सात, त्यातला एक वाकडा. गंगुबाईच्या तिसऱ्या उंचवट्यावरचा एक किरण टोकाला दुभंगलेला, सापाच्या जिभेसारखा.

रोज सकाळी त्या आपल्या दाराशी, लिफ्टसमोरच्या गुळगुळीत लादीवर, एका कासवाची पाठ काढू लागल्या. आज हे, उद्या ते. शेजारच्या जोशीकाकू म्हणायच्या, "किती वेगवेगळी डिझाइनं सुचतात हो तुम्हाला!" दिशा कामावर निघताना रांगोळीचा फोटो काढायची आणि स्टेटसला टाकायची. वर लिहायची, "आईंची आजची रांगोळी: मामलेदार." दवाखान्यातले डॉक्टर आणि निम्मे पेशंट तिचं स्टेटस बघून दिवस सुरू करत. सासू-सुनेचं त्या निमित्ताने जमलं. आधी दोघींमध्ये मिक्सरवरून आणि टीव्हीच्या रिमोटवरून कुरबुरी चालायच्या. आता दिशा सकाळी चहा घेताना विचारायची, "आज कोणाचा नंबर?"

गेल्या हिवाळ्यात पुतण्याचं लग्न निघालं. आगऱ्यांकडची हळद म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. आवडाबाईंनी तीन दिवस सुट्टी घेतली. चौथ्या दिवशी ताटभर जास्वंदीची पानं घेऊन त्या केंद्रात गेल्या तर गंगुबाई ताटाशी आली नाही. मामलेदार दिसेना, नवरदेव दिसेना. मोजली तर बत्तीस.

केंद्राचे प्रमुख होते चांगदेव बोराटे. हळू आवाजात बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले, सगळ्यांना ताई-मावशी म्हणणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"थंडी पडली ना मावशी. अकरा गेली. मला पण फार वाईट वाटलं. जाळून टाकली, नियमच आहे तसा."

आवडाबाई पिंजऱ्याजवळच्या ओट्यावर बसून रडल्या. घरी येऊन त्यांनी दोन दिवस मासळी शिजवू दिली नाही. हर्षित म्हणाला, "कासवांचं सुतक कोण पाळतं?" पण दिशाने खूण करून त्याला गप्प बसवलं.

तिसऱ्या दिवशी बोराट्यांनी एक कागद पुढे केला. "इथे सही करा मावशी. अकरा कासवं तुमच्या समोर मेली आणि तुमच्या समोर जाळली, एवढंच."

"पन मी तवा हळदीन होते."

"फॉर्मॅलिटी असते हो."

"साहेब," आवडाबाईंनी कागद परत त्यांच्याकडे सरकवला, "ज्या मयताला मी गेलेच नाय, त्याचा खांदा दिला असं कसं लिहून देऊ?"

बोराटे हसले. आग्रह केला नाही. कागद मात्र घाईने खणात गेला. आवडाबाईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. ठाण्यात थंडी ती केवढी? पहाटे एक चादर पुरते. आणि जाळली तर राख कुठे होती? केंद्राचं आवार रोज त्याच झाडायच्या. इंच न् इंच त्यांच्या झाडूखालचा होता.

महिन्याभराने त्यांची भाची दर्शना हिच्या डोंबिवलीतल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. दर्शनाचा नवरा सहदेव एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. जोडपं गरीब स्वभावाचं. सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आवडाबाई सोफ्यावर टेकल्या, आणि समोर काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली, प्लॅस्टिकच्या गवतावर त्यांना एक कासव दिसलं. पाठीवर हळदीकुंकू.

त्यांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. जवळ गेल्या. पदराने कुंकू पुसलं. तिसरा उंचवटा. सापाची जीभ.

"दर्शना," त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "यो कासव कुठशी आनलास?"

"हे म्हणाले, घराला शुभ असतं. इथेच स्टेशनजवळ कमलेश म्हणून आहे, माशांच्या टाक्या विकतो. तो म्हणाला, सरकारी माणसाकडूनच येतात, काही टेन्शन नाही. पण आत्या, हे धड जेवतच नाही गं. मी पोळी दिली, बिस्किट दिलं."

आवडाबाई गॅलरीत गेल्या आणि सुनेला फोन लावला.

"दिशा! अगं, माजी सासू गावली! डोंबिवलीन हाय!"

दिशाने घाबरत विचारलं, "आई, तुम्ही उन्हातून गेलेलात का? पाणी प्या बरं आधी."

"माजी खरी सासू नाय गं! पाठीवरची! तुज्या फोनान फोटो हाय ना तिचा?"

दिशाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने तिथेच, दवाखान्याच्या काउंटरवर, मागचे फोटो चाळले. गंगुबाईच्या रांगोळीचे पाच फोटो निघाले, पाच वेगवेगळ्या तारखांचे. आवडाबाईंनी कासवाच्या पाठीचा फोटो धाडला. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून दिशा बघत राहिली. समोर दाढ धरून बसलेला पेशंट म्हणाला, "मॅडम, माझा नंबर?" ती म्हणाली, "दोन मिनिटं काका, घरी मेलेलं माणूस सापडलंय."

दोघींनी पहिला अर्ज केला तो वनखात्याच्या ठाण्यातल्या वरच्या कार्यालयात. अक्षर दिशाचं, अंगठा नव्हे तर चांगली वळणदार सही आवडाबाईंची. सुरुवातीला त्यांना वाटलं, आता चौकशी होईल. पाचव्या दिवशी बोराट्यांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर तोच अर्ज होता.

"सुनेचं अक्षर छान आहे हो मावशी."

वर गेलेला कागद ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याच हातात फिरून आला होता. म्हणजे वरही कुणीतरी त्याचंच खात होतं.

बोराटे मात्र रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला. "तुमची ओढाताण मला कळते. या वयात रोजंदारी. मी तुमचं नाव कायम करून घेतो. पेन्शन लागेल, दवाखाना फुकट. फक्त मागच्या महिन्याच्या त्या कागदावर सही राहिलीय. आणि हा अर्ज गैरसमजातून दिला असं दोन ओळी."

आवडाबाईंना इतक्या गंभीर प्रसंगीही हसू आवरेना. हर्षितच्या नऊ गाड्या होत्या. कपाटात पाटल्या होत्या. या माणसाला त्यांची सगळ्यात मोठी गरज काय ते चार वर्षांत कळलं नव्हतं.

"साहेब, मना कायम कशाला करता? मी काय कायम राहनार नाय. कासव शंभर वर्सं जगतंय, त्याला कायम करा."

बोराट्यांचा चेहरा उतरला. आवाज तेवढाच हळू राहिला. "बघा हां मावशी. कासव ज्याच्या घरात सापडेल, तो आधी आत जातो. विकणारा नंतर. उद्यापासून येऊ नका."

बाकी कशाने नाही, पण त्या वाक्याने त्या हादरल्या. ज्याच्या घरात सापडेल तो. म्हणजे दर्शनाचा सहदेव.

आठवडाभर त्या घरी बसल्या. रांगोळी काढली नाही. जोशीकाकू दोनदा विचारून गेल्या. हर्षितने, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतः होऊन म्हटलं, "आई, तू कामावर गेलेली बरी होतीस." शेवटी आवडाबाई उठल्या आणि दर्शनाकडे गेल्या. सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

सहदेवने चहाचा कप खाली ठेवला. "आत्या, मला माहीतच नव्हतं. मी उद्याच कमलेशला परत देतो."

"त्याला दिलंस तर तो दुसऱ्याला विकंल. आन् तुजं नाव त्याच्याकडं हायच."

दर्शना रडायला लागली. काचेच्या पेटीत गंगुबाई डोकं आत घेऊन बसली होती. आवडाबाईंनी पिशवीतून जास्वंदीची पानं काढून समोर ठेवली. थोड्या वेळाने डोकं बाहेर आलं. मग पाय. मग महिनाभर उपाशी असल्यासारखी ती पानांवर तुटून पडली. दर्शना रडता रडता हसली. "आत्या, ही तुलाच ओळखते."

"मना कसली ओलखते? पानं ओलखते. माज्या सासूनं तरी मना कुठं ओलखलं होतं?"

सहदेव कासवाचं खाणं बघत होता. तो म्हणाला, "आपण सगळं खरं सांगू. जे होईल ते होईल."

या वेळी दिशाने अर्ज ठाण्याच्या कार्यालयात दिला नाही. वन्यप्राण्यांच्या चोरट्या व्यापारावर नजर ठेवणारं एक वेगळं पथक मुंबईत होतं. तिने त्यांना रांगोळीचे एकशे साठ फोटो तारखांसह पाठवले, आणि खाली सगळी हकीकत लिहिली. तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. पाचव्या दिवशी त्या स्वतःच आल्या. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी. समीक्षा जगदाळे, पथकाच्या अधिकारी. मूळच्या साताऱ्याकडच्या.

लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि दारातच थांबल्या. त्या दिवशी आवडाबाईंनी पुन्हा रांगोळी काढली होती. समीक्षाबाई उकिडव्या बसल्या आणि एक मिनिटभर बघत राहिल्या.

"हे कोण?"

"लाजरी," आवडाबाई म्हणाल्या. "ती बी अकरांतलीच."

"मावशी, आम्ही लोक यासाठी कॉम्प्युटर लावतो. प्रत्येक तारा कासवाची पाठ वेगळी असते, आपल्या अंगठ्यासारखी. तुम्ही हे नुसत्या डोळ्यांनी केलंत?"

"डोल्यांनी नाय. हातांनी. हात विसरत नाय."

सहदेवला बोलावून घेतलं. समीक्षाबाईंनी त्याला उगाच धीर दिला नाही. "चूक तुमची आहे, आणि ती कागदावर येणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतः कासव आणून देताय, विकणाऱ्याचं नाव सांगताय. कोर्टात साक्ष द्याल का? तर मी तसंच नोंदवीन." सहदेवने होकारार्थी मान हलवली. खूप दिवसांनी त्याला त्या संध्याकाळी भूक लागली असं दर्शना नंतर सांगायची.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी कमलेशच्या दुकानावर छापा पडला. पुढे रंगीत मासे, आणि मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या टबांत कासवं. नऊ सापडली. कमलेशने पहिल्या दहा मिनिटांतच बोराट्यांचं नाव घेतलं. पण बोराटे शांत होते. "माझी अकरा मेली. नोंद आहे. ही दुसरीच. कासवं काय, सगळी सारखी."

म्हणून समीक्षाबाईंनी केंद्राच्या आवारात ओळखपरेड ठेवली. माणसांची असते तशीच, फक्त कासवांची. कमलेशकडची नऊ आणि इतर ठिकाणांहून आणलेली अकरा, अशी वीस कासवं एका खोलीत ठेवली. पोटावर खडूने आकडे. आवडाबाईंना ती दाखवायची नाहीत. बाहेर फरशीवर त्यांनी आधी आपल्या अकरांतल्या पाठी आठवणीने काढायच्या, मग एकेक कासव बाहेर आणून ताडायचं. दोन पंच बसले. वरच्या कार्यालयातले एक साहेब खुर्ची टाकून बसले, आणि बोराटे उभे राहिले.

आवडाबाई त्या दिवशी कपाट उघडून आल्या होत्या. हिरवी नऊवारी, हातभर पाटल्या, गळ्यात गंठण, नाकात नथ. हर्षितने स्वतः गाडीतून सोडलं. बोराट्यांनी आधी त्यांना ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि कायम नोकरीचं आमिष आठवून त्यांचे कान लाल झाले.

"साहेब, चहा घेतला काय?" आवडाबाईंनी आपुलकीने विचारलं, आणि पदर खोचून फरशीवर बसल्या.

दीड तास त्या काढत होत्या. चिमटीतून रांगोळी अशी सुटत होती जणू आतून कुणी सांगतंय. अध्येमध्ये पुटपुटत होत्या, "हा मामलेदार, नऊ किरनं... हा नवरदेव, सात, एक वाकरा." दहा पाठी पूर्ण झाल्या. अकरावी, गंगुबाईची, त्यांनी काढली नाही. ती आधीच समीक्षाबाईंच्या ताब्यात होती.

मग कासवं आणायला सुरुवात झाली. पहिलं आणलं, आवडाबाईंनी एक नजर टाकली. "आमचं नाय." दुसरं. "हे बी नाय. पन हे आजारी हाय, याचे डोले बगा. औषध घाला." तिसरं बाहेर आलं आणि त्या टाळी वाजवून उठल्याच. "मामलेदार! आरं किती बारीक झालास!"

पंचाने कासव रांगोळीशेजारी ठेवलं. किरण मोजले. नऊ. समीक्षाबाईंनी दिशाच्या फोनमधला गेल्या वर्षीचा फोटो दाखवला. नऊ. पंचांतले एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. त्यांनी चष्मा सारखा करून पुन्हा मोजले आणि म्हणाले, "तंतोतंत."

नऊच्या नऊ जुळली. एका ठिकाणी मास्तरांनी अडवलं. "बाई, इथे तुम्ही आठ किरण काढलेत, कासवाला नऊ आहेत." आवडाबाई वाकल्या, बोटाला थुंकी लावून त्यांनी कासवाची पाठ घासली. नववा किरण निघून आला त्यांच्या बोटावर. टबाचा पिवळा रंग लागला होता. आवारात उभे असलेले सगळे हसले. वरच्या कार्यालयातल्या साहेबांनाही हसू आलं, मग आपण कशासाठी बसलोय ते एकदम लक्षात आलं आणि त्यांनी ते गिळलं.

बोराटे म्हणाले, "रांगोळी हा काय पुरावा झाला?"

"रांगोळी नाही," समीक्षाबाई म्हणाल्या. "तारखा. तुम्ही ही कासवं मेली म्हणून लिहिलंत त्याच्या कितीतरी आधीपासून ती या बाईंच्या दारात रोज निघत होती. आणि तुम्ही जाळलेली कासवं आज इथे चालतायत. राखेतून उठून डोंबिवलीला गेली असतील तर तसं लिहून द्या."

बोराट्यांना त्याच दिवशी ताब्यात घेतलं. पुढे ते निलंबित झाले, जामिनावर सुटले, खटला उभा राहिला. आवडाबाईंचा अर्ज खाली पाठवणारा वरच्या कार्यालयातला माणूसही त्यात अडकला. कोर्टाच्या तारखा पडतात आणि पुढे जातात. आवडाबाई प्रत्येक तारखेला डबा घेऊन जातात आणि सगळ्या बाकावर मासळीचा वास पसरवून परत येतात. लाजरी मात्र सापडली नाही. कमलेशने ती पुण्याच्या कुणा माणसाला विकली, त्याचा पत्ता लागला नाही.

उन्हाळा संपता संपता कोर्टाची परवानगी आली. कासवांना विदर्भातल्या, त्यांना मानवणाऱ्या कोरड्या, काटेरी रानात सोडायचं ठरलं. समीक्षाबाईंनी फोन केला. "मावशी, येणार का?" आवडाबाईंनी हो म्हणायच्या आधीच दिशाने रजा टाकली होती.

नागपूरपर्यंत गाडी, तिथून जीप. रानाच्या कडेला वनरक्षक धोंडीबा आणि त्याची आई रखमाबाई वाट बघत उभे होते. रखमाबाई आवडाबाईंच्याच वयाच्या. दोघींनी एकमेकींच्या साडी नेसायच्या पद्धतीकडे टक लावून पाहिलं आणि दोघी एकदमच हसल्या.

पेट्या उघडल्या. नवरदेव सरळ चालता झाला, मागे वळूनही पाहिलं नाही. मामलेदार एका काटेरी झुडपाशी थांबला आणि तिथेच खायला लागला. हर्षित नावाचं कासव, ज्याने आयुष्यभर भिंतीला डोकं टेकवलं होतं, त्याला समोर भिंतच मिळेना. ते गोंधळून इकडेतिकडे फिरलं, मग एका दिशेने जे निघालं ते निघालंच. दिशाने व्हिडिओ काढून नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, तुलाही जमेल."

गंगुबाई मात्र हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. धोंडीबा म्हणाला, "लाजते जी ते."

"लाजते?" आवडाबाई म्हणाल्या. "ती वाट बगते, कोन तिला पहिलं पान वाढतं."

इथे वाढायचं नव्हतं. समीक्षाबाईंनी सक्त सांगितलं होतं, हातातून काही द्यायचं नाही, तिला आता स्वतः शोधायचं आहे. आवडाबाई मागे सरकून एका दगडावर बसल्या. हात मांडीखाली दाबून धरले. डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत. त्या गाऊ लागल्या. लेक सासरी निघताना म्हणतात तो धवला, अगदी हळू, स्वतःशीच.

गंगुबाईने डोकं बाहेर काढलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वाळक्या गवतात कुठेतरी तिला हिरवं दिसलं असावं. जड पाय टाकत, वाटेतल्या एका कासवाला रीतसर धक्का देत, ती झुडपाखाली शिरली. पाठीवरच्या चांदण्या गवताच्या उन्हासावलीत मिसळल्या, आणि चार पावलांवर असूनही ती दिसेनाशी झाली.

"गेली," दिशा म्हणाली.

"गेली नाय," आवडाबाई म्हणाल्या. "आली."

रखमाबाईंनी त्यांचा हात धरला. "तू मनली ते कोन्तं गानं हाय वं? पुन्ना मन."

आवडाबाईंनी पुन्हा म्हटलं. मग रखमाबाईंनी त्यांच्याकडचं एक म्हटलं. मग अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आली, ठेचा आला. आवडाबाईंनी पिशवीतून सुके बोंबील काढले आणि चुलीवर भाजायला घेतले. धोंडीबाने नाक धरलं, त्याच्या आईने दोन खाल्ले. दिशा घड्याळ दाखवत होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता. कुणी लक्ष दिलं नाही.

परतीची गाडी चुकली. दिशाने दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढली आणि रखमाबाईंनी अंगणात आणखी दोन बाजा टाकल्या.